मदुराईची गुलाबदाणी

प्रिय आप्पा,

काल तुमची गुलाबदाणी मोडायला निघाले होते, म्हणून आज लिहितेय. पुढच्या महिन्यात माझ्या मनीषाचं लग्न. म्हटलं, ती आटवून पोरीला पैंजण करावेत.

माझ्या लग्नात तुम्ही ती दिलीत, तेव्हा किती रुसले होते मी! जन्मभर मदुराईत शेठच्या भट्टीवर लोकांची चांदी आटवणारा बाप, आणि लेकीला आहेर जुना? तळाशी दुसऱ्याच कुणाचं तरी नाव, तेही तमिळ अक्षरांत. सासूबाई म्हणाल्या, "कुणाचं उचलून आणलंय हे?" नाव घासून काढा म्हटलं, तर तुम्ही म्हणालात, "ऱ्हाऊ दे गं. हौसंनं घातलंय कुणीतरी."

मांडवात तुमचं मनगट मोकळं दिसत होतं. मेंढरांमागे फिरणाऱ्या आजोबांचं ते जाड चांदीचं कडं कुठे गेलं, विचारलं. "सैल झालतं," म्हणालात. तेवढ्यावर मी पाहुण्यांकडे वळले.

तुम्ही होतात तोवर दर दिवाळीला आलात की तुमची नजर आधी शोकेसकडे जायची. गुलाबदाणी कपाटात, जुन्या साड्यांखाली. एकदा तरी रागवायचं होतंत, आप्पा.

काल आटपाडीला तात्यांकडे गेले. तुमच्याबरोबर भट्टीवर होते ते. त्यांनी ती हातात घेतली आणि तशीच खाली ठेवली.

"ही म्या आटवणार न्हाई, शालन."

"का?"

"एक म्हातारी आलती मोडायला. तिच्या लग्नातली. भट्टी पेटली तशी भिताडाकडं तोंड करून हुबी ऱ्हायली. आप्पाला बघवंना. चांदी तर शेठला द्यायचीच हुती. मग हातातलं कडं काडलं न् हिच्या जागी मुशीत टाकलं. म्हनला, माझी बी लेक हाय."

तात्यांपुढेच रडले. तुम्ही मला का नाही सांगितलंत? की मी विचारायची वाट बघत होतात?

आता शब्द देते. मनीषाला गुलाबदाणी अशीच देणार, नावासकट. लग्नात दारात उभी राहून मीच तिच्यातून गुलाबपाणी शिंपडणार. त्याआधी तमिळ येणारं कुणीतरी गाठून ते नाव वाचून घेईन. कुणाची म्हणून कुणी विचारलं, तर आधी त्या बाईचं नाव सांगीन, मग तुमचं.

तुमची,
शालन