कोंबडीची मागची चाकं

९ जानेवारी, गुरुवार. सुट्टी.
जुना मागचा अ‍ॅक्सल अखेर सुटला. दोन बोल्ट निघाले, दोन गंजून स्प्रिंगच्या पाट्यांशी एकजीव झालेले, ते कापले. कोंबडी आता मागून ठोकळ्यांवर. (केंदूरच्या पोल्ट्रीमागं ही जुनी पिकअप पडून होती तेव्हा केबिनमध्ये गावरान कोंबड्या अंडी घालायच्या. नाव तिथूनच.)
दर गुरुवारी दौंडहून मदतीला येणारे आप्पा म्हणाले, नव्या पाट्या टाकू, अ‍ॅक्सल साफ करून परत बसवू, महिन्यात गाडी उभी. मी म्हटलं, मागची दोन चाकं एकमेकांपासून सुटी केली तर? मधला दांडाच नको. प्रत्येक चाक आपापलं वर-खाली.
त्यांनी हात पुसले, चहा घेतला आणि दौंडची एसटी धरायला निघाले. चार वाजता. एरवी सहाला निघतात.

१२ जाने., रविवार
वहिनीला वाटत होतं शेडमध्ये मी आंघोळीचं पाणी तापवायचा रॉड बनवतेय. हॉट रॉड म्हणजे काय ते सांगितलं. जुन्या गाडीचा सांगाडा, खाली बसवलेला, आत दमदार नवं इंजिन. तिनं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "आन् तिच्यात बसून जायचं कुठं?"
रस्त्यावर आणायची तर आरटीओची परवानगी लागणार, मिळेल की नाही माहीत नाही. तोवर पोल्ट्रीमागचा माळ. एवढंच सांगता आलं.

१५ जाने., बुधवार
फर्स्ट शिफ्ट. सुटल्यावर घरी शिरूरला यायचं सोडून उलटी शिक्रापूरला. स्पीडब्रेकरसमोरच्या टपरीवर दीड तास बसले, फक्त मागची चाकं बघत.
ट्रक, टेम्पो, जीप: एक चाक चढलं की दुसरं कलतं. दांडा एकच, करणार काय. मग एक मोठी पांढरी गाडी ब्रेकर चुकवायला तिरकी आली. डावं चाक वर, उजव्याला खबरही नाही. वरची बॉडी जवळपास सपाट. फोनवर घेतलं. बसमध्ये अकरा वेळा पाहिलं.
टपरीवाल्यानं विचारलं, मॅडम ट्रॅफिकच्या का.

१६ जाने., गुरुवार
आप्पांना व्हिडिओ दाखवला. चष्मा वर करून दोनदा बघितला. हा माणूस तीस वर्षं रेल्वेत फिटर होता. बाबांचा मित्र. मला कानस धरायला यांनीच शिकवलं, मी अकरावीत असताना. चांगलं काम दिसलं की यांचा चेहरा लपत नाही, आजही लपला नाही.
तरी म्हणाले, "ते कंपनीनं केलंय, नले. आपुन कापून जोडायचं म्हंजी येगळं."
कापायचं मी बोललेच नव्हते.

२३ जाने., गुरुवार
आप्पा आले नाहीत. फोनवर म्हणाले, गुडघा.
एकटीच मांडत बसले. सुट्या चाकांचं: गिअरचा गोळा (डिफरन्शियल) चासीला बांधलेला, म्हणजे चाकाबरोबर उड्या मारणारं वजन कमी. चाक रस्ता सोडत नाही. दिसायलाही उघडं, सुंदर, या गाड्यांत लोक वाकून तेच बघतात. दांड्याचं: साधं, मजबूत, शिरूरमध्ये कुणीही दुरुस्त करेल. चूक झाली तरी सांभाळून घेतं.
सुटं असलेलं सांभाळून घेत नाही. इथं प्रत्येक माप खरं लागतं. पण मापं घेणं हाच तर माझा धंदा. कंपनीत रोज दोनशे पार्ट गेजमधून जातात माझ्या हातानं.

३० जाने., गुरुवार
आज पण गुडघा.
शिक्रापूरच्या पलीकडे यादवजींचं भंगार आवार आहे. पुढून चेचलेली एक मोठी मोटार, मागचा भाग जसाच्या तसा. खाली सरपटत गेले. मधे गोळा, दोन्हीकडे आखूड शाफ्ट, वर-खाली आर्म, सगळं एका चौकटीत. चार ठिकाणी बोल्ट काढले की अख्खी चौकट हातात. अर्धा तास तिथून निघावंसं वाटेना. यादवजींनी शेवटी विचारलं, "मैडम, ज़िंदा हो ना?"
मापलं. टायरच्या बाहेरून बाहेरपर्यंत १७६५ मिमी. कोंबडीच्या मडगार्डांत जागा १६६०. १०५ जास्त.
म्हणजे शाफ्ट आणि आर्म कापून आखूड करायचे, किंवा

(काय ते सुचेना. बस आली.)

९ फेब्रुवारी, रविवार
दौंड. आप्पांना न सांगता गेले. दुपार, चर्चहून आप्पा आणि त्यांची बायको मिरियम मावशी नुकतेच आलेले. आप्पा जिना चढून वर आले, झपाझप. गुडघ्याला काहीही झालेलं नाही.
१०५ चं सांगितलं. शाफ्ट मधे कापून, आत बुशची नळी घालून वेल्ड करता येईल का, एवढंच विचारलं. आप्पा उठले आणि दही आणायला म्हणून बाहेर गेले. दही घरात होतं.
मिरियम मावशी हसली. मग जे सांगितलं ते जसं आठवतंय तसं लिहिते.
लग्नाआधीची गोष्ट. मावशी दवाखान्यात नर्स, गावोगाव जायची एक जुनी जीप. हाडं खिळखिळी व्हायची म्हणून या नर्सबाईंनी तक्रार केली. ती जीप दुरुस्तीला यायची तरुण आप्पांकडे. त्यांनी सुट्टीच्या दिवसांत बसून मागची चाकं सुटी केली. स्वतःच्या डोक्यानं, शाफ्ट कापून, जोडून. तीन आठवडे छान चालली. मावशी म्हणते, पाळण्यात बसल्यासारखं वाटायचं. मग इनामगावच्या वाटेवर, नदीकडच्या उताराला, शाफ्ट जोडावर तुटला. जीप आडवी. ड्रायव्हरला खरचटलं. मावशीचं कंबरेचं हाड मोडलं.
मावशी लंगडते ते मी लहानपणापासून बघतेय. जिन्यावरून पडली, एवढंच माहीत होतं.
"मी कधीच कुठल्या जिन्यावरून पडले न्हाई गं," मावशी म्हणाली. "ते त्यांनीच सांगायला सुरवात केली, मग मी पण तेच सांगत गेले. पाच महिने रोज डबा घेऊन यायचे. मी विचारलं, अपराध वाटतो म्हणून येताय का? व्हय म्हणाले. मग म्हटलं, अपराध फिटला की येणं बंद करणार का? त्यावर डबा उघडून माझ्यापुढं ठेवला."
आप्पा दही घेऊन आले. मावशी म्हणाली, सांगितलं मी हिला.
ते जेवले, पण माझ्याकडे बघितलं नाही.

१३ फेब्रु., गुरुवार
आप्पा नाहीत. गुडघ्याचंही कारण नाही, फोनच उचलला नाही.
पाट्यांचा विचार केला. साधं, मजबूत, महिन्यात उभी. आप्पा परत येतील. वाईट काय त्यात.
वाईट वाटतंय, एवढंच.

१८ फेब्रु., मंगळवार
कंपनीत एक पार्ट दीड मिमी मोठा आला. सुपरवायझर म्हणाला, पार्ट राहू दे, पॅकिंगचं खोकं बदला. गिऱ्हाईकाला पार्ट तसाच हवा होता.
गेज हातात धरून उभी राहिले.
कोंबडीत मी चौकट का कापतेय? खोकंच बदलायचं. रिम जास्त आत बसणारी घेतली तर दर बाजूला २५ वाचतात. दर बाजूला उरले २८ आणि टायर हलायला थोडी जागा. ती मडगार्डं फुगवून. मडगार्ड पत्र्याचं, त्याच्यावर कुणाचा जीव नाही. शाफ्टला आरी लावायचीच नाही.
आत बसवलेलं चाक स्प्रिंगला घासेल का, ते मात्र बघायचंय.
आप्पांना पत्रासारखा मेसेज केला. मापांसकट. शेवटी लिहिलं: एकही शाफ्ट कापणार नाही. वेल्ड फक्त मडगार्डाला.

१९ फेब्रु.
आप्पांचं उत्तर, सकाळी सहाला. "बोल्ट कुठल्या ग्रेडचे?"

२७ फेब्रु., गुरुवार
चौकट आली. यादवजींच्या टेम्पोतून, चौघांनी उतरवली. आप्पा आधीच येऊन बसले होते. चौकटीतल्या शाफ्टावर बोट फिरवत राहिले, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. जोड शोधत होते बहुतेक. अखंड आहे.
मग एकदम बोलले, माझ्याकडे न बघता. "मला वाटलं व्हतं शाफ्ट म्हंजी लोखंडच हाय, कसंबी जोडा. घमेंड व्हती गं, दुसरं काय न्हाई. पण चाकं सुटी करायची कल्पना चुकीची नव्हती."
मी म्हटलं, नव्हतीच.
"मिरियम पण हेच म्हणती. चाळीस वर्सं म्हणती. मी ऐकून घेतलं न्हाई."
एवढंच. मग खडू मागितला आणि चासीवर भोकांच्या खुणा करायला लागले.

६ मार्च, गुरुवार
चौकट चासीखाली, सध्या क्लॅम्पवर. स्प्रिंगा काढून ठेवल्यात. डाव्या चाकाखाली जॅक लावला. आप्पा उजव्या चाकाला हात लावून बसले, हललं तर कळावं म्हणून. वीस मिमी, चाळीस, साठ. उजवं गप्प. आप्पांनी हात तसाच ठेवला, गरज नव्हती तरी.
पण दुसरंच दिसलं. डावं चाक वर जाताना वरची कड आत झुकते. साठला जवळजवळ दोन अंश. मूळ गाडीत हे मुद्दाम केलेलं, वळणावर टायर नीट टेकावा म्हणून. पण मूळ गाडी उंच उभी राहायची. मला कोंबडी बसवायचीय पुष्कळ खाली. म्हणजे ती उभी असतानाच दोन्ही चाकं कायमची आत झुकलेली, टायर आतून खाणार. चौकटच वर बांधली तर झुकाव जाईल, पण मग इंजिनकडून गोळ्यात येणारा दांडा गाडीच्या तळाला लागतो. तळ कापायचा? की कोंबडी थोडी उंचच ठेवायची? हॉट रॉड उंच कसला.
आप्पा म्हणाले, आधी दर दहा मिमीला कोन लिहून काढू, मग बोलू. दोघंही पाठीवर झोपून आत गेलो. मी कोन वाचतेय, ते खडूनं लिहितायत. उजवं चाक सुरू केलंय. तिसरं माप डाव्याशी जुळत नाही, पाव अंशाचा फरक. आप्पा म्हणतात तू चुकीचं वाचलंस. मी म्हणते तुम्ही जॅक हलवलात.
परत पहिल्यापासून घेतोय.