सिनेमातल्या आईचा हात

चि. धाकट्यास, थोरल्या बहिणीचे पोटभर आशीर्वाद. तुझं पाकीट पोचलं. आत सिनेमाचे पास दोन (फुकट), रंगीत जाहिरात एक, आणि तुझं पत्र. टपालाचं तिकीट तू कमी लावलंस, म्हणून दंड भरून सोडवून घ्यावं लागलं, तेव्हा फुकट असं काही नव्हतं. तुझा खोकला कसा आहे? जागरणं कमी कर. इकडे देवाच्या दयेने सगळे बरे आहेत, फक्त तुझा सिनेमा बघून आल्यापासून घरात कुणी कुणाशी धड बोलत नाही.

सिनेमा तू लिहिलास म्हणून तुलाच विचारते, बातमी ऐकल्यावर बायका हातातलं का टाकतात? गेल्या वर्षी तुमची मंडळी शूटिंगला माझं स्वयंपाकघर मागायला आली, तेव्हाही मी हेच विचारलं होतं. आईचं काम करणाऱ्या बाईंची नखं लांब आणि लाल, म्हणून हात तेवढा माझा घेतला. लेकीला परगावी नोकरी लागल्याचं पत्र येतं आणि आईच्या हातून काचेची ताटली निसटते, एवढंच करायचं होतं. मी देवाचं नाव घेऊन ती नऊ वेळा सोडली आणि नऊही वेळा खाली पोचायच्या आत झेलली. (मुद्दाम नाही रे. तीस वर्षांच्या संसारात हाताला वळणच तसं पडलंय. सासरे गेल्याची तार आली तेव्हासुद्धा मी आधी दूध उतरवलं, मग खाली बसले.) दिग्दर्शक म्हणाले, "बाई, तुम्हाला काळीज आहे की नाही?" काळीज आहे, म्हटलं, पण ताटल्या सहाच आहेत. शेवटी तुमच्या सुतारबुवांच्या मनगटावरचे केस काढले, साबण लावून माझ्या बांगड्या चढवल्या, आणि त्यांनी पहिल्याच फटक्यात ताटली फोडली.

आता सिनेमा. त्या ताटलीपासून आई जी रडायला लागते, ती मध्यंतरानंतर आंधळीच होते. बाप धडधाकट, पण त्याला पाणी हाताने घेता येत नाही. लेक नोकरीचा कागद फाडून ओट्याशी उभी राहते आणि आईला लगेच दिसायला लागतं. (हे डोळ्यांच्या डॉक्टरांना कळवलंस का?) पुढे घर कशावर चालतं, यावर अक्षर नाही. नायकाने तर तीन तासांत कपडे बदलण्यापलीकडे काही केलेलं मला दिसलं नाही.

शेजारी आमचे हे दोन्ही रुमाल भिजवून बसलेले. ताटली पडली तशी माझं मनगट धरून म्हणाले, "हा तुझा हात. हजारांत ओळखेन मी." (त्या सुतारबुवांचं एकेक बोट आठव.) मी खरं काय ते सांगितलं, तर म्हणे, बांगड्या तुझ्याच आहेत की, कशाला मन मारून बोलतेस! तुझी भाची एक तारखेला पुलाच्या कामावर मोजणीला रुजू व्हायची आहे, हे तुला ठाऊक आहे. महिनाभर हे स्वतःच ती बातमी जो भेटेल त्याला ऐकवत होते. आता म्हणतात, पोरगी कुठेही जाणार नाही, तुझा हात कसा थरथरला ते मी पडद्यावर पाहिलंय. पोरगी माझ्या तोंडाकडे बघते, आणि मी आपली हाताकडे.

असो. प्रकृतीला जप, आणि पुढच्या सिनेमात आईला एखादं वाक्य न रडता बोलू दे.

तुझी ताई

ता.क. पडद्यावरचा तो हात त्यांचाच होता, असं सुतारबुवांकडून सहीनिशी लिहून घे. यांचा माझ्या शब्दावर बसत नाही तो विश्वास सिनेमावाल्यांच्या शब्दावर बसेल. एक तारखेला आठच दिवस उरलेत.

आणखी एक. आज सकाळी पोरीने माळ्यावरची बॅग काढून पुसायला घेतली आणि माझ्या हातून ताटली पडली. झेलायचं सुचलंच नाही. हे कचेरीत होते म्हणून निभावलं. तुकडे कागदात गुंडाळून केराच्या तळाशी घातले आणि तिची बॅग भरायला बसले. आता ताटल्या चार. यातलं एक अक्षर सिनेमात घालायचं नाही, आणि सुतारबुवांचा कागद उलट टपाली धाड.