पोखर्णीवाली राणी

१२ जानेवारी, रविवार

माझ्या जागेवर साक्षी बसली होती! माझ्या! आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनला चार दिवस माहेरी, पोखर्णीला काय गेले, तेवढ्यात या नव्या जावेनं सासूबाईंशेजारची जागा धरली. मी पिशवी घेऊन दारात उभी, अन् सासूबाईंचे डोळे तिच्या मोबाइलात. "आलीस का? बस. तलवारबाजी चाललीय." एवढंच! आई कशी आहे, ते जाहिरात लागल्यावर विचारलं.

ही चिनी मालिका घरात आणली कुणी? मी! ती हिंदीत आहे, पण सासूबाईंना कानानं कमी ऐकू येतं. मी कानाशी लागून मराठीत सांगायची. ती चिनी नावं काही त्यांच्या तोंडात बसेनात. मग आपल्याकडं सुनांना माहेरच्या गावावरून ओळखतात ना, तशीच मी सगळ्या राण्यांना गावं वाटली. थोरली सेलूवाली. चहाड्या करणारी मानवतवाली. अन् युवराज जिच्यावर जीव टाकतो, ती गुणाची — पोखर्णीवाली. मग! सांगणार मी, तर गाव माझंच!

१५ जानेवारी

आजही साक्षीच सांगत होती. मी मुद्दाम भांडी आपटली. "ताई, हळू ना, आत्यांना ऐकू येईना." मला सांगती!

हे म्हणतात, "बरंच झालं की, तुला तेवढाच आराम." आराम! डोंबल!

१७ जानेवारी

ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत होते. आतून साक्षीचा मोठा आवाज — "मग युवराज राणीसावरगाववालीचा हात धरतो..."

राणीसावरगाव! म्हणजे हिचं माहेर! माझ्या राणीचं नाव बदललं! वर्षही झालं नाही या घरात येऊन. सासूबाई त्यावर काय म्हणाल्या ते ऐकायला मी थांबलेच नाही. शेंगा तशाच टाकून उठले. अंगाची लाही लाही झाली नुसती.

१८ जानेवारी

जेवताना सांगूनच टाकलं. "आत्या, शेवटच्या भागात ती राणी मरती. मी बघितलाय."

साफ खोटं. मी कुठं बघितलाय!

सासूबाईंचा घास हातातच राहिला. "कोन? युवराजाची?"

"हां, तीच."

लय बरं वाटलं. घ्या, बसा आता दोघी बघत!

१९ जानेवारी

मालिका लागली नाही. सासूबाई गोधडी घेऊन पडून. सकाळी मला बरं वाटत होतं. संध्याकाळी तेवढं नाही वाटलं.

२० जानेवारी

जेवल्या नाहीत. दूधही नको म्हणाल्या. ताप नाही, काही नाही.

२१ जानेवारी

मी भाकरी थापत होते. साक्षी शेजारी येऊन बसली अन् रडायलाच लागली. "ताई, तुमी का सांगितलं तसं? आत्या म्हणायल्यात, पोखर्णीवाली मरणार असली तर मला बघायचंच न्हाई."

म्हटलं, "आता कुठली पोखर्णीवाली? तू तर तिला राणीसावरगावची केलीस!"

"एकदाच म्हणले. केवढ्यानं वसकल्या माझ्यावर! 'माझ्या पोखर्णीवालीचं नाव बदलायचं न्हाई,' म्हणाल्या. मी सांगायले तरी त्यांचं रोज एकच — तुझी जाऊ जसं सांगती, तसंच तू सांग. मी काय करू, ताई?"

तव्यावरची भाकरी करपली. पिठाचे हात तसेच घेऊन सासूबाईंकडं गेले. कानाशी वाकले. "आत्या, मी खोटं बोलले. रागात बोलले. ती मरत न्हाई."

सासूबाई माझं तोंड दोन्ही हातांत धरून बघत राहिल्या. मग सरकून मला जागा केली. मला लय रडू आलं.

२२ जानेवारी

शेवटचा भाग. सासूबाई मधे, मी या कानाशी, साक्षी त्या कानाशी.

ती खरंच मरते! पडद्यावर युवराज एकटाच तळ्याकाठी, तिची ओढणी छातीशी धरून रडायला लागला.

"ह्यो का रडायलाय?" सासूबाईंनी विचारलं.

मी साक्षीकडं बघितलं. ती त्या कानाशी वाकली. "पोखर्णीवाली माहेरी गेलीय, आत्या. चार दिवसांसाठी."

"मग बरोबर हाय," सासूबाई म्हणाल्या.