टोमॅटोची रोपं आणि डब्यातला पंप

ती. स्व. दादा यांस,

साष्टांग नमस्कार (टेबलाखाली वायर शोधत असल्यामुळे तो आपोआपच घडला आहे). तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला थांबला का? तुमची बहीण तिथे मजेत असेलच. ती माहेरी गेली की रमते आणि मी इथे घरभर येरझाऱ्या घालतो. मला एका जागी बसवत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

तर विषय तिच्या टोमॅटोच्या रोपांचा. बी पेरण्यापासून सगळं तिने स्वतः केलेलं. निघताना माझ्या हातात झारी देऊन म्हणाली, "रोज पाणी घाल, दुसरं काही करू नकोस." आता झारीने पाणी घालण्यात माणसाने डोकं कुठे चालवायचं? म्हणून मी मातीत ओलावा मोजणारी पट्टी खोचली, छोटा पंप आणला आणि कॉम्प्युटरवर एक प्रोग्राम बसवला. त्यात फारसं लिहावं लागत नाही, चौकोन मांडायचे आणि रेघांनी जोडायचे. पहिला चौकोन माती बघतो, मधला काय करायचं ते ठरवतो, शेवटचा पंप सुरू करतो. (आपल्याकडे ही तिन्ही कामं तुमची बहीण एकटी करते.)

हे सगळं कंटेनरमध्ये चालव, असं ऑफिसातल्या एका शहाण्याने सुचवलं. कंटेनर म्हणजे कॉम्प्युटरच्या आतला एक बंद डबा. आत कितीही गोंधळ झाला तरी बाहेर धक्का लागत नाही. पण डबा इतका बंद, की त्याला मातीतली पट्टीच दिसेना. ती कशीबशी दाखवली, तर डब्यातलं घड्याळ भलत्याच देशाच्या वेळेवर! सकाळचं पाणी भर दुपारी सुटलं, पाइप उसळला आणि शेजारच्या नर्सबाईंनी वाळत घातलेल्या चादरी पुन्हा धुऊन निघाल्या. बाईंनी त्या पिळून पुन्हा दोरीवर टाकल्या.

तेही निस्तरलं. पाणी वेळेवर, रोपं टवटवीत. दुसरा कोणी असता तर चहा घेऊन गप्प बसला असता. पण प्रोग्रामची नवी आवृत्ती आली होती आणि माझे हात शिवशिवत होते. जुना डबा काढून टाकला, नवा आणला, उघडतो तर कोरं पान! सगळे चौकोन, सगळ्या रेघा जुन्या डब्याबरोबर गेल्या. ते सगळं डब्याबाहेरच्या फोल्डरमध्ये साठवायचं असतं म्हणे. (हे शहाण्याने नंतर सांगितलं, तेही हसत हसत.) मग घाईघाईत आठवेल तसं पुन्हा मांडलं आणि मधल्या चौकोनात नेमकं उलटं करून बसलो: माती ओली असेल तर पंप सुरू. पाणी गेलं की माती ओली, माती ओली म्हणून पुन्हा पाणी, आणि मी ऑफिसात. घरी आलो तेव्हा रोपं चिखलात माना टाकून पडली होती. दादा, मला खरंच रडू आलं. तिने एकेका रोपाला काडीचा आधार दिला होता हो.

बाकी इकडे सर्व ठीक. वहिनींना नमस्कार सांगा.

तुमचा (अजून तरी) मेहुणा

ता. क. मुख्य काम राहिलंच. मी गुपचूप नवं बी पेरलं आहे. ते त्या रोपांएवढं होईपर्यंत काहीही करून तिला तिकडेच ठेवून घ्या. वाटल्यास तुमचा गुडघा जरा जास्त दुखू द्या.

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवणार, तेवढ्यात नर्सबाई आल्या. चांगली रोपं तुमच्या बहिणीने जाण्याआधीच त्यांच्या गॅलरीत नेऊन ठेवली होती, आणि ती झकास आहेत. "ही मरतुकडी टाकूनच द्यायची होती, भावजी," बाई म्हणाल्या, "पण ती म्हणाली, राहू देत, यांना खेळायला होतील." तेव्हा गुडघा ताबडतोब बरा करा आणि तिला पाठवा, घर खायला उठलं आहे. फक्त मला हे कळलंय, ते तिला कळू देऊ नका. नाहीतर पुढच्या वेळी जाताना ती मला खेळायला काहीच ठेवणार नाही.