चेअरमनचं मानपत्र आणि मंदाकिनीचं माहेर

धायरी, पुणे
बुधवार

रा. रा. श्रीनिवासराव यांस,

धायरीहून गोपाळकृष्णाचा, गुडघा जितका वाकू देईल तितका नमस्कार. (साष्टांग लिहिण्याची रीत आहे हे मला ठाऊक आहे. पण गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून मला साष्टांग घालता येत नाही, आणि जे घालता येत नाही ते लिहूही नये, असं माझं मत आहे.) तुमचा रक्तदाब कसा आहे? वहिनींची कंबर काय म्हणते? चिरंजीव ऋषीला खराडीतल्या खराडीत ऑफिसला जायला अजून तासभर लागतो का? एकाच गावात राहून पत्र कुरियरने धाडतो आहे म्हणून हसू नका. तुमच्या घरी फोन केला की तो तुमची धाकटी बहीण उचलते आणि मंदाकिनी घरात नाही, असं मला मंदाकिनीच्याच आवाजात सांगते. बायकोशी फोनवर वाद घालण्यापेक्षा मेव्हण्याला पत्र लिहिणं बरं, असा विचार केला.

परवा तुम्ही स्वतःहून फोन केलात आणि म्हणालात, की आल्यापासून तिने अन्नाला हात लावलेला नाही आणि रडून रडून तिच्या डोळ्यांच्या खाचा झाल्या आहेत. श्रीनिवासराव, मी जन्मभर शाळेत मराठी शिकवलं. उपमा, उत्प्रेक्षा, अतिशयोक्ती ही मंडळी जिना चढायला लागली की मी त्यांना चपलांच्या आवाजावरून ओळखतो. त्याच संध्याकाळी ऋषीने स्टेटसला फोटो टाकला होता. त्यात मंदाकिनीच्या एका हातात शेवपुरीची डिश आहे आणि दुसऱ्या हाताने ती वहिनींच्या डिशमधली उचलते आहे. फोटो मोठा करून पाहिला, डोळे जागच्या जागी आहेत. असो. भावाने बहिणीची बाजू घ्यायची असते, त्याचा मला राग नाही. पण तुमच्यापर्यंत एकच बाजू पोचलेली दिसते, म्हणून घडलं ते सांगतो.

आमच्या सोसायटीचे चेअरमन ज्ञानदेवराव पंचाहत्तर वर्षांचे झाले. आमच्याकडे अशा वेळी शाल, श्रीफळ आणि मानपत्र देतात. शाल सेक्रेटरी आणतो, श्रीफळ कोपऱ्यावरच्या दुकानातून येतं आणि मानपत्र माझ्याकडून फुकट मिळतं. ज्ञानदेवराव माणूस सज्जन. त्यांनी केलं काय, तर टँकरवाल्याशी भांडून त्याला वेळेची सवय लावली आणि गच्चीवरच्या टाकीची गळती बंद केली. आता एवढंच लिहिलं तर फ्रेम भरत नाही. (फ्रेम आधीच आणून ठेवली होती आणि ती खिडकीएवढी होती.) शिवाय मानपत्राचा एक धर्म असतो, त्यात खरं खरं लिहिलं की सत्कारमूर्तीला अपमान वाटतो. म्हणून मी त्यांना भगीरथ केलं. आपल्या एका हाकेसरशी खडकवासल्याचं धरण धायरीचा चढ चढून आमच्या टाकीत आलं, असं लिहिलं. आपल्या धैर्यापुढे हिमालय ठेंगणा, असंही लिहिलं. खुर्चीत बसलं की ज्ञानदेवरावांचे पाय जमिनीला टेकत नाहीत, पण हिमालयाच्या वाक्याला त्यांनी डोळे पुसले. त्या दिवशीही टँकर उशिराच आला, ते कुणी मनावर घेतलं नाही.

मंदाकिनी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती. परत येताना लिफ्टमध्ये म्हणाली, "किती छान लिहिता हो तुम्ही! मला माहीतच नव्हतं." मी खूश झालो. तिथेच मी सावध व्हायला हवं होतं.

कारण लगेच आमच्या लग्नाचा चाळिसावा वाढदिवस आला. ऋचा (तुमची भाची; मुलगी माझी असली तरी वळण सगळं तुमच्याकडचं) त्यासाठी बंगलोरहून आली आणि केक कापण्याआधी आईबद्दल चार ओळी वाचा, असं म्हणाली. मी चारच लिहिल्या. मंदाकिनीशी माझा विवाह झाला. संसार नीट चालला. तिचा स्वयंपाक चवीला चांगला असतो. तिच्याविषयी माझी विशेष तक्रार नाही. यातलं एक अक्षर खोटं नाही, श्रीनिवासराव. अलंकार लागतात कुठे? जिथे मूळ वस्तू कमी पडते तिथे. टाकीची गळती कमी पडत होती, म्हणून मला भगीरथ आणावा लागला. मंदाकिनी कमी पडत नाही, म्हणून आणला नाही. हे मी तिला केक खाता खाता उदाहरणांसह समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "टाकीला भगीरथ, आणि मला विशेष तक्रार नाही." त्यानंतर बरेच दिवस आमच्या घरात फक्त कुकर बोलत होता.

शेवटी ऋचाने फोनवरून मला चांगलं फैलावर घेतलं, तेव्हा मी मंदाकिनीलाही मानपत्र द्यायचं ठरवलं. अगदी रीतसर. शाल आणली, नारळ आणला. मजकुराचीच तेवढी अडचण झाली. भगीरथ, हिमालय, सागर, कल्पवृक्ष हे सगळे ज्ञानदेवरावांवर खर्च होऊन गेले होते आणि माझ्याकडे साठा तेवढाच आहे. (शाळेत तो पुरायचा, कारण उदाहरणं तीच राहिली तरी मुलं दर वर्षी बदलायची. बायको बदलत नाही.) म्हणून मी झेरॉक्सच्या दुकानात जाऊन त्याच मजकुरात नाव बदलून घेतलं, धरण काढलं आणि अध्यक्षांच्या जागी सौभाग्यवती घातलं. एकदा वाचूनही पाहिलं. पण स्वतःचं लिखाण वाचताना माणूस चुका शोधत नाही, मान डोलावत असतो. घरी तिला खुर्चीवर बसवलं, खांद्यावर शाल घातली आणि खड्या आवाजात सुरू केलं. टाळ्या वाजवणाऱ्याला मजकूर लक्षात राहत नाही, हा माझा अंदाज हिमालयापर्यंत बरोबर ठरला. तिच्या चेहऱ्यावर हसू आलं होतं, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मग त्याच ओघात मी वाचून गेलो, की गच्चीवरच्या गळतीवर आपण केलेली मात येथील सर्व सभासद कायम स्मरणात ठेवतील.

मी थांबलो. ती उठली, शालीची घडी करून खुर्चीवर ठेवली आणि बॅग भरायला लागली. कुठे निघालीस, असं मी विचारलं. "सभासदांना विचारा," एवढंच म्हणाली. (नारळ मात्र तिने नेला. त्याच्या वड्या झाल्या असतील तर नारळ माझा होता, एवढं ध्यानात असू द्या.)

आता यात माझा दोष कितपत, हे तुम्हीच ठरवा. मी इथे मजेत आहे. पोळीभाजीचा डबा लावला आहे. पंखा हव्या त्या वेगावर ठेवतो, ओला टॉवेल पलंगावर टाकतो, कुणी काही म्हणत नाही. तिला घाई करायला सांगू नका. माहेर आहे, हवं तितकं राहू दे.

तुमचा,
गोपाळकृष्ण

ता. क. मंदाकिनीच्या थायरॉईडच्या गोळ्या इथेच राहिल्या होत्या, त्या सोबत पाठवल्या आहेत. सकाळी उपाशीपोटी घ्यायच्या असतात. ती हमखास विसरते, तेव्हा कुणीतरी आठवण करून द्या. ते काम माझ्याकडे होतं.

आणखी एक ता. क. पेपरातलं शब्दकोडं मी सोडवतो, असं तुमच्यासह सगळ्यांना वाटतं. मी फक्त मोठ्याने वाचतो, उत्तरं स्वयंपाकघरातून येतात. सध्या कोडी कापून फ्रिजवर ठेवतो आहे. हे ऋषीला सांगू नका, तो माझा विद्यार्थी, मला अजून सर म्हणतो.

शेवटचं ता. क. मजेत आहे असं लिहिलं, ते पत्रात लिहायचं असतं म्हणून. रविवारी सकाळी मी खराडीला येतो आहे. वाचून दाखवायला काही आणणार नाही, तेवढं तिला आधी सांगून ठेवा आणि दार तिलाच उघडू द्या. 'घर खायला उठणे' हा वाक्प्रचार मी इतकी वर्षं वर्गात शिकवला. दर वर्षी एखादं पोर हमखास विचारायचं, सर, घर कसं खायला उठेल? मी म्हणायचो, बाळा, घर कुठलं उठतंय, ती नुसती बोलायची रीत आहे. श्रीनिवासराव, उठतं हो.