सांभाळणारे कोणी आहे काय?

अणदूर,
दिनांक ११ मार्च १९८३

चि. सौ. कमल हीस वडिलांचे अनेक आशीर्वाद.

माझी प्रकृती ठीक. विहीर तळाला गेली असून टँकर एक दिवसाआड येतो. सोसायटीच्या चेअरमनपदी मी पुनश्च बिनविरोध निवडून आलो.

तुझी आई घरी नाही.

मंगळवारी देवीच्या दर्शनास म्हणून तुळजापूरच्या बसने गेली, ती परतलीच नाही. बुधवारी मी शोधावयास निघालो. आपल्या पुजाऱ्यांनी सांगितले, की ती गावाबाहेर नव्याने निघालेल्या वृद्धाश्रमात आहे. वाटले, कोणास भेटावयास गेली असेल. जाऊन पाहतो तो, ओसरीवर रुद्रम्मा नावाची म्हातारी तिच्या केसांना तेल लावीत बसलेली.

"केशर, ह्येच का तुझं चेअरमन? बसा की खाली, हितं सभा न्हाय!"

व्यवस्थापकांनी अर्ज दाखविला. तो तिने एकटीच्याच नावे केला आहे. पतीचे नाव विचारताच तिने "पिराजी" असे सरळ सांगितले म्हणे. पन्नास वर्षांत तिने माझे नाव चारचौघांत कधी उच्चारले नव्हते. पुढे छापलेले आहे, "सांभाळणारे कोणी आहे काय?" त्यापुढे "नाही", आणि खाली तिचा अंगठा.

"अगं, हे काय लिहून दिलंस?"

"नवरा हाय म्हणून सांगितलं की. सांभाळणारा न्हाय म्हणलं. खोटं हाय का?"

पौषात तिला साधा ताप आल्याचे तुला कळविले होते. तो साधा नव्हता. तीन दिवस ती उठली नाही. मी दारात बसून, भाकरी केव्हा होईल, एवढेच विचारीत होतो. पाणी तिने शेजारच्या हरणाबाईस हाक मारून मागितले. माठ माझ्या हाताशी होता.

लेकीच्या घरी राहणे मला पटत नाही, म्हणून तुझे बोलावणेही मीच परस्पर नाकारले. तिला विचारले नव्हते.

अखेर मी स्वतःसाठी अर्ज मागितला. जोडप्यास खोली मिळते, परंतु बाईंची संमती पाहिजे, असे व्यवस्थापक म्हणाले. मी, आणि तिची संमती! तरी विचारले.

"पावसाळा सरंपर्यंत मी एकटी ऱ्हाऊन बघते. तवर तुमी हातानं करून खावा. मग बघू."

शेवटच्या बसने परतलो. अद्याप विश्वास बसत नाही. तू तिला आणावयास जाऊ नकोस. जावईबापूंनी विचारल्यास खरे तेच सांगावे.

भाकरीच्या पिठात पाणी गरम घालतात की गार, हे उलट टपाली कळवावे. हरणाबाईस विचारण्याचे धाडस होत नाही.

तुझा पिता,
पिराजी