इंजिनचा हात

प्रिय लांबताई,

पोरांनी ठेवलेलं हे नाव तुला कधी आवडलं नाही, पण तू गेल्यापासून माझ्याही तोंडात तेच बसलंय. मी अजून त्यांची गोलताईच आहे. मध्यंतरी बरंच वजन उतरवलं, नाव काही उतरलं नाही.

पोरं मारामाऱ्यांपासून लांब कशी राहतात, हा आपला अभ्यास चालू आहे. जागा तीच, वाचनालयाच्या मागची खोली. पंखा तेवढा बदलून मिळाला. प्रश्नावलीत संकटातून सावरण्याच्या ताकदीला ‘लवचिकता’ हा शब्द आपण किती कौतुकाने घातला होता! पंधरा-सोळा वर्षांची पोरं तो वाचायची आणि एकमेकांचे कान रबरासारखे ताणून दाखवायची. शेवटी एका मुलीने ‘चिवटपणा म्हणा की सरळ’ असं सुचवलं, आणि आपल्या मोठ्या बाईंनी तो शब्द थेट अहवालाच्या नावातच घेतला. दुसऱ्या कुणाला सुचलेलं बाईंनी इतक्या पटकन मान्य केलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. अहवालात काय निघालं, तर मारामाऱ्यांपासून लांब राहिलेल्या मुलांच्या घरी फार सुबत्ता होती किंवा शांतता होती असं मुळीच नाही. पण बहुतेकांना त्यांचं ऐकून घेणारं एखादं मोठं माणूस होतं. कुणाला मावशी, कुणाला खेळाचे सर, एकाला तर शाळेच्या बसचा ड्रायव्हर.

शब्द सुचवणारी ती मुलगी म्हणजे आपली इंजिन. एकदा बोलायला लागली की थांबायचं नाव नाही म्हणून पोरांनी ते नाव पाडलेलं. लगेच पत्र मिटू नकोस. तू तो दिवस इतक्या वेळा मनात उगाळला असशील की आता त्यातलं तुला फक्त शेवटचंच दिसत असेल. मला तो पहिल्यापासून सांगू दे.

त्या दुपारी पोरांच्या गटात बोलता बोलता इंजिन म्हणाली, की तिच्या भावाने पाण्याच्या टाकीमागे सुरा लपवलाय आणि संध्याकाळी दोन इमारतींची पोरं काचेच्या बंद कारखान्यामागे भिडणार आहेत. भाऊ तिच्याहून वर्षानेच मोठा. इथलं बोलणं इथेच राहील, पण कुणाच्या जिवावर बेतणार असेल तर आम्हाला सांगावं लागेल, हे आपण सगळ्यांना आधीच सांगितलं होतं. तरी तू तिला बाहेर व्हरांड्यात नेलंस, पुन्हा समजावलंस, आणि तिच्यासमोरच पोलिसांना फोन केलास. सुरा सापडला, मारामारी झाली नाही. पण वडिलांनी हमी घेतल्यावर भावाला सोडलं, आणि घरी येताच कुणी सांगितलं हे त्याने ताडलं. इंजिनचा हात त्याने इतका पिरगाळला की मनगटाजवळ हाड मोडलं. राजीनामा देताना तू म्हणालीस, “आपण तिला बोलायला शिकवलं आणि घरी एकटीला पाठवलं.”

ते वाक्य बाईंनी मनावर घेतलं. आता असा फोन करायच्या आधी सांगणाऱ्या मुलाची दुसरीकडे राहायची सोय होते, आणि आपल्यापैकी कुणीतरी सोबत जातं. गेल्या वर्षी एका मुलाला असं त्याच्या आत्याकडे पोचवलं. त्याच्या केसालाही धक्का लागला नाही. तुला हे कुणी कळवलं नसणार.

हात मोडल्याबद्दल भाऊ काही महिने सुधारगृहात होता. आता तो त्याच्या मामाकडे राहतो, टायरच्या दुकानात काम करतो. एक दिवस आपणहून खोलीवर आला आणि मुलाखत घ्या म्हणाला. पुढचं तुला कळवायला त्याने स्वतः परवानगी दिली आहे. स्टुलावर टेकला आणि म्हणाला, “मला त्या दिवशी जायचंच नव्हतं. पण मागे फिरलो असतो तर सगळ्यांनी भित्रा म्हटलं असतं. दारात पोलीस बघितले आणि वाटलं, सुटलो.” मग बहिणीचा हात का मोडलास, असं मी विचारलं. नखांत काळं वंगण गेलं होतं, ते कोरत राहिला. मी पुन्हा विचारलं नाही. इंजिनची माफी त्याने मागितली आहे. ती ‘बघू’ म्हणाली, आणि अजून बघतेच आहे. कुणी तिला घाई करत नाही.

तिचा हात म्हणशील तर जुळला, पण मनगट पुरतं वळत नाही. नळ डाव्या हाताने बंद करते. प्लास्टर निघालं त्याच आठवड्यात गटात परत आली आणि आल्या आल्या माझं डोकं खाल्लं. एक्स-रे काढणाऱ्याला तिने म्हणे इतके प्रश्न विचारले की तो बिचारा वैतागला. हाड पांढरंच का दिसतं, मांस कुठे जातं, तुम्ही भिंतीमागे का पळता. शेवटी त्याने तिला शेजारी बसवून तिचंच हाड नीट दाखवलं. तेव्हापासून तिचं ठरलंय. बारावी झाली, आणि एक्स-रे तंत्रज्ञाच्या अभ्यासक्रमाला तिला प्रवेशही मिळाला.

आता खरं कारण. तो अभ्यासक्रम तुझ्या शहरात आहे. वर्ग सोमवारी सुरू होतात आणि वसतिगृहातली खोली पुढच्या महिन्याशिवाय रिकामी होत नाही. मी तिला दोन-तीन ठिकाणं सुचवली. तिने ती धुडकावली आणि तुझं नाव घेतलं. मी जरा चाचरले, तुला जड जाईल म्हणाले. तर मला म्हणते, “त्यांनी मला विचारलं होतं ना, फोन करू का? मी हो म्हटलं होतं. विचार करून म्हटलं होतं. सगळं त्यांनीच केलं असं त्यांना वाटतं, म्हणजे मी तिथे नव्हतेच की काय?” यावर काय ते तूच तिच्याशी बोल. महिनाभर ठेवशील का तिला? खाण्यापिण्याचे काही नखरे नाहीत, फक्त अखंड बोलते. ‘नाही’ म्हणायचं असेल तर तिलाच फोन करून सांग, मी मध्ये पडणार नाही. ‘हो’ असेल तर रविवारी सकाळच्या बसने निघेल. सामान जड आहे आणि उजव्या हाताने तिला ते उचलवत नाही, तेव्हा स्टँडवर घ्यायला जा.

तुझीच,
गोलताई